साहेबांच्या कानाचा कारभार



व्याख्यानमालेच्या निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'उद्योगसंस्थांमधील वरिष्ठ व कनिष्ठ यांच्यातील संवाद' असा छापला आहे. एवढा लांबलचक विषय मीच कळवला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण या विषयावर हल्ली जे चालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कंपनीच्या खर्चाने लोणावळ्याला दोन दिवसांचं शिबिर होतं, व्यवस्थापकांना 'ऐकायला शिका' असं सांगितलं जातं, रंगीत कागदांवर काहीबाही लिहून भिंतीला चिकटवतात आणि सगळे जेवायला जातात. जणू वरच्या माणसाला खालचं ऐकू येत नाही हा त्याच्या स्वभावाचा दोष आहे आणि दोन दिवसांत तो धुऊन निघतो.

स्वभावाची चर्चा मी आज करणार नाही. साहेबांच्या कानापर्यंत कोण पोचतो, त्याला तिथे कोणी नेमलं, आणि बातमी वर गेली तर त्याचं काय बिघडतं, एवढंच पाहू. यासाठी मुंबईच्या कापडगिरण्यांइतकं चांगलं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही. कावसजी दावरांनी ताडदेवच्या पहिल्या गिरणीची कंपनी १८५४ साली काढली आणि १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विझत गेलं. या सव्वाशे वर्षांत खात्यातली खबर वर आणण्यासाठी एकामागून एक तीन व्यवस्था झाल्या. तिन्ही फसल्या, आणि माझ्या मते तिन्ही एकाच कारणाने फसल्या.

पहिली व्यवस्था जॉबरची. गिरणीत हजारो माणसं. वर एक मॅनेजर, त्याच्या हाताखाली विणकामाचा आणि सूतकताईचा मास्तर. सुरुवातीच्या काळात यांतले बरेच जण थेट लँकेशायरहून आणलेले. खाली कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं. मधे जॉबर. माणूस कामावर घ्यायचा त्याने, काढायचा त्याने. कोणाला कोणता साचा, म्हणजे माग, द्यायचा, रजा कोणाला, बदली कामगारांच्या घोळक्यातून आज आत कोणाला घ्यायचं, हेही तोच ठरवी. साचा बिघडला तर दुरुस्तही तोच करी, अडीनडीला व्याजाने पैसे देई, गावाकडून आलेल्याची खोलीची सोय लावी, आणि या सगळ्याबद्दल दस्तुरी घेई. बायका जिथे काम करत त्या खात्यांत हाच अधिकार नायकिणीकडे असे.

जॉबर वाईट होता असं मला म्हणायचं नाही. कित्येक जॉबर आपल्या माणसांसाठी साहेबाशी भांडलेले आहेत, काही संपांत पुढेही होते. प्रश्न त्याच्या जागेचा होता. वरच्यांना खालचं जे काही कळे ते त्याच्या तोंडून, खालच्यांना वरचं जे कळे तेही त्याच्याच तोंडून. अशा माणसाची किंमत दोन्ही बाजूंचं एकमेकांना थेट काही कळत नाही, यावरच उभी असते. दस्तुरीची तक्रार त्याने मास्तरपर्यंत न्यावी अशी अपेक्षा कोण करणार?

नारायण मेघाजी लोखंडे यांचं महत्त्व इथे लक्षात येतं. ते स्वतः एका गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे कचेरी आणि खातं दोन्ही बाजू पाहिलेले. १८८४ मध्ये फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी त्यांनी सुमारे साडेपाच हजार गिरणीकामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या बघा: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. यातली एकही गोष्ट गुप्त नव्हती. गिरणीच्या दारात पाच मिनिटं उभ्या राहणाऱ्या कोणालाही ती कळली असती. तरी रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं, आणि त्यासाठी दहा हजार कामगारांची सभा भरवावी लागली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. जॉबरला वळसा घालून वर पोचलेली ही पहिली मोठी बातमी, आणि ती पोचवणारा माणूस वरच्यांनी नेमलेला नव्हता.

आता १९२८ च्या संपाकडे येतो. इथे थोडा थांबणार आहे, कारण सबंध विषय एका साच्यापाशी उभं राहून पाहता येतो. दीड लाख कामगार, सहा महिन्यांच्या आसपास चाललेला संप. वादाचं एक मूळ असं की, विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत असं मालकांनी ठरवलं. त्यांचा हिशेब कागदावर बिनतोड होता. लँकेशायरचा विणकर चार साचे सांभाळतो, मग परळच्या विणकराने तीन का नाही?

विणकराचं उत्तर खात्यात उभं राहिल्याशिवाय समजणारं नव्हतं. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, फणीतून पुन्हा ओढून घ्यायचं, साचा चालू करायचा. तोवर शेजारच्या साच्यावर दुसरा धागा तुटलेला. धागे किती तुटणार हे विणकराच्या हातात नसतं. कापसाचं मिश्रण कसं केलंय, खळ कशी दिलीय, खात्यातली हवा किती दमट आहे, यावर ते ठरतं. आणि हलका कापूस मिसळून त्यातूनच बारीक सूत काढायचा मालकांचा प्रयत्न चालू होता. विणकराची मजुरी कापडाच्या मापावर. साचा थांबला की मजुरी थांबली. त्यावर आणखी एक पद्धत होती. कापड खराब निघालं तर ते विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि किंमत पगारातून कापायची.

या पद्धतीला क्रौर्य म्हणून नावं ठेवली जातात, आणि ती रास्तच आहेत. मला तिची दुसरी बाजू दाखवायची आहे. कापूस-खरेदीत वर वाचवलेला पैसा खाली विणकराच्या पगारातून वसूल होत होता. त्यामुळे हलक्या कापसाने नुकसान होतंय ही गोष्ट गिरणीच्या हिशेबवहीत कधी दिसलीच नाही. खराब कापडाचा खर्च शून्य! साहेबांना कळलं नाही असं आपण म्हणतो. पण कळायची जी एक वाट होती, म्हणजे तोटा, ती त्यांनी स्वतःच बंद केली होती. कामगारावर दंड बसवला की बातमी वर यायची थांबते, कारण ती वर आणण्याची कोणाला गरजच उरत नाही. आजही, उशिरा पोचलेल्या पार्सलचे पैसे पोचवणाऱ्या पोराच्या कमाईतून कापले जातात तेव्हा पत्ता चुकीचा कोणी टाकला ही माहिती तिथेच मरते.

याच संपातली दुसरी गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते, कदाचित ती सगळ्यांनाच अवघड जाते म्हणून. धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागणार, या कारणाने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात येऊ देत नसत. जास्त मजुरीचं खातं तेच. म्हणजे हजारो माणसांची बढती एका धोट्याच्या भोकापाशी अडली होती. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं की सगळ्या खात्यांत काम करण्याचा हक्क तुमच्या मागण्यांत येणार नसेल, तर मी माझ्या लोकांना संपात येऊ नका म्हणून सांगेन. पुढाऱ्यांनी ती मागणी घातली, पण नाखुषीने. मालकांनी ती वाचून टोला हाणला: हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. सायमन कमिशनपुढच्या साक्षीत आंबेडकरांनी हा प्रसंग सांगितला आणि मालकांचा टोला योग्यच होता असंही म्हटलं.

म्हणून 'वर' आणि 'खाली' अशी एकच रेघ मारून हा विषय सुटत नाही. मालकाला विणकराचं ऐकू येत नव्हतं. विणकरांच्या पुढाऱ्याला त्याच्याही खालच्याचं ऐकायचं नव्हतं. मधल्या प्रत्येक पायरीवरचा माणूस वर तोंड करून 'आमचं कोणी ऐकत नाही' म्हणतो आणि ते खरंही असतं.

दुसरी व्यवस्था सरकारने आणली. शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरवर कडक टीका केली, भरतीचे अधिकार त्याच्याकडून काढून घ्या आणि लेबर ऑफिसर नेमा असं सुचवलं. १९३४ च्या कायद्याने मुंबईत सरकारी लेबर ऑफिसर आला. तक्रार ऐकणारा शिकलेला, पगारी, दस्तुरी न घेणारा माणूस. कल्पना चांगली होती आणि बऱ्याच कामगारांना तिचा उपयोगही झाला. पण कापसाचं मिश्रण बदलण्याचा अधिकार या अधिकाऱ्याकडे नव्हता. तो ऐकू शकत होता, लिहू शकत होता. ज्याच्या हातात काही नाही अशाला कान म्हणून नेमलं की लोक थोडे दिवस येतात, मग येईनासे होतात.

तिसरी व्यवस्था १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची. एका भागातल्या एका उद्योगात प्रातिनिधिक संघटना एकच, आणि बोलणी करण्याचा अधिकार तिलाच. शांततेसाठी हे हवं असं तेव्हा अनेक शहाण्या माणसांना वाटलं. गिरण्यांत ही जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली. संघाच्या कचेरीत, मजदूर मंझिलमध्ये, बोलणी झाली की ती सगळ्या गिरण्यांना लागू. तिथे पोचलं नाही ते कायद्याच्या दृष्टीने कोणी बोललंच नाही. १९८१ च्या दिवाळीत बोनसचा करार याच पद्धतीने झाला. खात्यांतला राग किती साठला आहे हे करार करणाऱ्या दोन्ही पक्षांना कळलं नसेल यावर माझा विश्वास बसत नाही; पण कळूनही करायला काही नव्हतं, कारण दार एकच आणि ते आतून लावलेलं. कामगार घाटकोपरला कामगारपुढारी दत्ता सामंतांच्या दारात गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

संप का हरला, सामंत बरोबर की चूक, गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं, यात मी आज शिरणार नाही. त्यावर नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गोळा केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास जरूर वाचा. माझा मुद्दा लहान आहे. जॉबर, लेबर ऑफिसर, मान्यताप्राप्त संघटना: प्रत्येक वेळी जुना कान कापून नवा लावला, आणि प्रत्येक वेळी तो वरूनच निवडला. खालच्याला त्याला काढून टाकता येत नव्हतं, आणि जे कानावर आलं त्यावर काही करण्याचा अधिकार वरचे त्याला देत नव्हते.

कोणी म्हणेल, हे जुन्या गिरण्यांचं, अडाणी मालकांचं. तर मग अमेरिकेच्या अवकाशसंस्थेकडे बघा. चॅलेंजर यान २८ जानेवारी १९८६ ला सात जणांसह नष्ट झालं. आदल्या रात्री कंत्राटदार कंपनीचे अभियंते दूरध्वनीवर सांगत होते की एवढ्या थंडीत रबरी कड्या दगा देतील, आणि त्यांच्याच व्यवस्थापकांनी शेवटी तो सल्ला फिरवला. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. चौकशी आयोगातले रिचर्ड फाइनमन यांनी लिहून ठेवलेली एक बारकी हकिकत मला त्याहून बोलकी वाटते. रॉकेटचे वापरलेले भाग पुन्हा जोडताना ते किंचित वाकडे झालेले असत. दाबून गोल करण्यासाठी योग्य जागा शोधायची तर कडेची भोकं मोजावी लागत. भोकं १८०. माणूस मोजताना चुकणारच. तिथल्या मुकादमाने वरिष्ठांना लेखी सुचवलं होतं की चार ठिकाणी रंगाच्या चार रेघा मारा, म्हणजे कधीच ४५ पेक्षा जास्त मोजावं लागणार नाही. दोन वर्षं झाली तरी काही झालं नव्हतं. कारण काय, तर खर्च फार. खर्च रंगाचा नव्हता. रेघा मारल्या की सगळ्या कार्यपुस्तिका बदलाव्या लागल्या असत्या.

इथे दुष्ट कोणीच नाही. जॉबरसुद्धा नाही. मुकादमाने वर कळवलं, लेखी कळवलं. वर त्या कागदाला धनीच नव्हता.

आता आपल्या कारखान्यांकडे येतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वर्क्स कमिटी नेमण्याची तरतूद केली, कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसतील अशी. मी नोकरीची बरीच वर्षं कामगार कल्याण विभागात काढली, तेव्हा अशा कमिट्यांची इतिवृत्तं मीच लिहीत असे. बैठकीत काय येतं? डाळ पातळ आहे. चपात्या गार येतात. गमबूट फाटले, नवे मिळाले नाहीत. अधिकारी वैतागतात: यांना उत्पादनावर बोलायला बोलावलं तर हे डाळीवर येतात! एका कारखान्यात नव्या प्लांट मॅनेजरांनी वेगळं केलं. पहिल्या बैठकीनंतर ते स्वतः पंगतीत बसून तीच डाळ जेवले आणि आठवड्यात कॅन्टीनचा आचारी बदलला. पुढच्या बैठकीत बुटांचा प्रश्न आला, तोही सुटला. त्यानंतरच्या बैठकीत प्रेस शॉपचा एक प्रतिनिधी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, सहज म्हणाला की साहेब, त्या मोठ्या प्रेसचं एक बटण पट्टीने बांधलेलं असतं.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय वरचा भाग खाली येत नाही. हात आत राहू नये म्हणून ही सोय. एक बटण बांधून ठेवलं की एक हात माल घालायला मोकळा, आणि टार्गेट पुरं होतं. सुपरवायझरला माहीत होतं. सुरक्षा विभागाच्या तक्त्यावर सगळं हिरवं. खात्यातल्या प्रत्येकाला माहीत असलेली गोष्ट वर यायला एक डाळ आणि एक बुटांची जोडी लागली. कामगार डाळीने चाचणी घेत असतो. डाळीचं होतंय तर बटणाचं बोलू, हा त्याचा साधा हिशेब. आणि बांधलेल्या बटणाची बातमी ऐकल्यावर त्या साहेबांनी बटण कोणी बांधलं हे विचारलं नाही, टार्गेट कोणी लावलं हे विचारलं. बटण कोणी बांधलं हे विचारलं असतं तर ती कमिटी पुन्हा चपात्यांवर गेली असती.

विमान वाहतुकीने हीच गोष्ट नियमात बसवली. डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळलं. सहाच आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान तिथेच, त्याच गैरसमजातून, थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्यांना पत्ता नाही. त्यातून १९७६ मध्ये तिथे एक व्यवस्था आली. वैमानिकाने किंवा नियंत्रकाने आपली चूक कळवायची ती परवाना देणाऱ्या आणि काढून घेणाऱ्या खात्याला नव्हे, अवकाशसंस्थेला. नाव काढून टाकायचं. अपघात आणि गुन्हे वगळता, त्या कागदाच्या आधारे शिक्षा नाही. ऐकणारा आणि शिक्षा करणारा वेगळे काढले की माणसं स्वतःबद्दलही लिहितात. आपल्या कित्येक कंपन्यांत 'निनावी' तक्रारीची लिंक ज्या विभागाकडे जाते तोच पगारवाढीची यादी करतो.

आपल्या कायद्यातही असं एक कलम आलं, पण केवढी किंमत मोजून. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात फॉस्जीनने एका कामगाराचा बळी गेल्यानंतर, १९८२ मध्ये, तिथल्या कामगारांनी धोक्याची पत्रकं भिंतींवर चिकटवली होती. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी त्याच वर्षी स्थानिक वृत्तपत्रात शहराला इशारा दिला होता. डिसेंबर १९८४ मध्ये जे झालं त्यानंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत सुरक्षा समितीत कामगार असले पाहिजेत, आणि धोका जवळ आल्याची वाजवी शंका असेल तर कामगाराने कारखानदाराला थेट सांगावं आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवावं. थेट! मधल्या कोणालाही न विचारता. या एका कलमाचं मोल मला शंभर शिबिरांपेक्षा जास्त वाटतं. आता नव्या श्रमसंहिता आल्या आहेत. त्यांत यातलं काय कसं उतरलं यावर पुढच्या वर्षी एखाद्या वकिलांना बोलवावं.

आणि नेमका आताच जॉबर परत आला आहे. त्याचं नाव कंत्राटदार. कारखान्यातले, इस्पितळांतले, महापालिकांतले, विमानतळांवरचे कितीतरी हात कंत्राटी आहेत. कंत्राट खरं की नावापुरतं हे ठरवताना न्यायालयं इतर गोष्टींबरोबर कामावर ताबा आणि देखरेख कोणाची हेही पाहतात. कामगाराच्या रक्षणासाठी आलेली ही कसोटी. तिचा अर्थ कंपन्यांच्या वकिलांनी असा लावला की आपल्या अधिकाऱ्यांनी कंत्राटी कामगाराशी थेट बोलूच नये. जे सांगायचं ते कंत्राटदाराच्या सुपरवायझरला. अशी परिपत्रकं मी वाचली आहेत. म्हणजे लोणावळ्यात 'ऐका' आणि कारखान्यात 'बोलू नका'. रात्रपाळीत फरशी पुसणाऱ्या पोराला पंपाखाली तेल साचलेलं रोज दिसतं. तो सांगणार कंत्राटदाराच्या सुपरवायझरला. त्या कंत्राटदाराचं बिल खरेदी विभागात अडकलेलं, कंत्राट मार्चअखेर संपणारं. तो तेलाची गोष्ट काढील?

गेल्या वर्षी एका कंपनीने मला सल्ल्यासाठी बोलावलं. मी एवढंच सुचवलं की सुरक्षा समितीत दोन जागा कंत्राटी कामगारांना द्या, आणि ते दोघे त्यांचे त्यांना निवडू द्या. कारखाने कायद्याच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही कामगारच धरला होता, त्यामुळे अडचण नसावी. संचालकांना कल्पना आवडली. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी विचारलं, निवडायचं कशाला, कंत्राटदाराकडून दोन नावं मागवून घेऊ ना? शेवटी प्रस्ताव कायदा विभागाकडे अभिप्रायासाठी गेला. तो अजून तिथे आहे.